शांत लेकरांचा धसका

आमच्या डॉक्टरसाहेबांना शांत लेकरं चालायची नाहीत. रडणारं, लाथा झाडणारं, स्टेथोस्कोप ओढून तोंडात घालणारं, टेबलावर शू करून मोकळं होणारं, सगळं चालायचं. पण एखाद्या आईनं कौतुकानं "आमचं लेकरू लय शांत हाये जी" म्हटलं, की यांचा चेहरा पडायचा.

"शांत म्हंजे कसं शांत? झोपूनच राह्यते का? भूक लागली तं रडते, का तुम्हीच आठवण करून पाजता?"

बिचारी आई आलेली असायची खोकल्याचं औषध न्यायला. तिला वाटायचं, आपल्या तोंडून काही वाईट गेलं. मग मी तिला बाहेर बाकावर बसवून पाणी द्यायची आणि म्हणायची, "मनावर नका घेऊ, त्यांचं तसंच हाये." दिवसातून दोन-तीनदा हे वाक्य ठरलेलं. बारा वर्षं म्हटलंय मी ते.

देवळीला बस स्टँडवरून बाजाराकडे जाताना एक सायकलचं दुकान होतं, त्याला लागून दोन खोल्यांचा दवाखाना. आणीबाणीच्या आगेमागे मी तिथं नर्स म्हणून लागले. ते मला सिस्टरबाई म्हणायचे. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली असेल, पण दिसायचे साठीचे. ‘थकलो बुवा’ हा त्यांचा मंत्र. सकाळी दवाखान्याचं कुलूप काढताना थकलो बुवा, चहा बशीत ओतताना थकलो बुवा. बोलता बोलता मधेच डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस उठू की बसू अशा पेचात असताना डोळे न उघडता पुढचं वाक्य बरोबर तिथूनच सुरू करायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही विचारलं तर म्हणायचे, "थकलो असतो."

लेकराला हात लावायच्या आधी ते स्वतःचे हात दोन्ही काखेत घालून गरम करायचे. मे महिन्यातसुद्धा! वर्ध्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको, दवाखान्याची लोखंडी खुर्ची चटका द्यायची, आणि हे काखेत हात घालून उभे. पाचपन्नास बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना काही नाही त्याचं.

आणि ती घंटी! टेबलाच्या कडेला, दीड-दोन वर्षांच्या लेकराचा हात पोचेल अशा उंचीवर, त्यांनी सायकलची घंटी स्क्रूनं बसवून घेतली होती. आलेलं प्रत्येक पोर ती वाजवायचं. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग, सकाळी नऊपासून. संध्याकाळी माझं डोकं इतकं ठणकायचं की घरी जाऊन भाकरी थापताना कानात तीच वाजायची. एकदा मी न राहवून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, काढून टाकू का हे?"

"काढून टाकता? मंग मले कसं समजंन?"

"काय समजंन?"

"कोनं वाजवली नाई ते."

मला तेव्हा वाटलं, झालं, माणूस कामानं पार गेला.

तशीच त्यांची दुसरी खोड मागच्या वर्षीच्या फ्रॉकची. आमच्याकडे पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची रीत. दिवाळीत शिवलेला फ्रॉक पायात लोळतो, पुढच्या दिवाळीला बरोबर बसतो, त्याच्या पुढच्या वर्षी धाकटीला जातो. तर एखादी आई ऐटीत सांगायची, "आमची पोट्टी कपडे लय जपून वापरते जी. तीन वर्सं झाली, तोच फ्रॉक हाये, अजून ढिला होते." बाकीच्या बायांना हेवा वाटायचा. डॉक्टर मात्र उठून उभे राहायचे. "उद्या तो फ्रॉक घेऊन या. अन् पोट्टीले बी." आणि त्यातल्या एखादीला खरंच वर्ध्याला एक्स-रेला धाडायचे. बहुतेक वेळा काही निघायचं नाही, पोर नुसतं किडकिडीत असायचं. लोक म्हणायचे, डॉक्टर सनकी आहे. मीही म्हणायची. हाताला गुण होता म्हणून लोक यायचे.

हे सगळं कुठून आलं ते मला सांगितलं शेजारच्या सायकलवाल्या शेठाणीनं, माझी नोकरी लागून वर्ष झाल्यावर. त्यांची मुलगी बेबी. मी पाहिली तेव्हा आठेक वर्षांची होती, दुकानाच्या पायरीवर बसून सायकलचं सुटं चाक फिरवत राहायची. गोरीपान, हसरी. नाव विचारलं तर हसायची, जेवलीस का विचारलं तरी तेच हसू.

"जनमली तवापासून येवढी गुनाची व सिस्टरबाई," शेठाणी म्हणाल्या, "की दुकानात पोत्यावर निजवलं तं निजवलं, दिवसभर आवाज नाई. डाक्टरसायेब रोज आमच्या इथं चहा प्यायचे. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे अन् म्हनायचे, शेठजी, काय गुनी पोरगी हाये. चार वर्सं म्हनले. चार वर्सांची झाली तरी चालेना, बोलेना, जीभ बाहेर. मंग त्याइनंच कागदं घेऊन नागपूर गाठलं. गळ्यातली गाठ काम करत नाई म्हने. एक येवढुशी गोळी. रोज. जलमभर."

गळ्यातली गाठ म्हणजे थायरॉइड. लेकराच्या वाढीला आणि मेंदूला जो रस लागतो तो ती करते. ती नसली तर लेकरू वाढत नाही, रडत नाही, त्याला बद्धकोष्ठ होतं, अंग थंड पडतं, झोप झोप झोपतं. आणि घरचे म्हणतात, काय शांत बाळ! गोळी पहिल्या महिन्यात सुरू झाली तर लेकरू चारचौघांसारखं होतं. उशीर झाला तर उंची भरून येते, पण डोक्याचं जे गेलं ते जातं. हे मी आज इतकं धडाधड सांगते, तेव्हा मलाही शेठाणीइतकंच ठाऊक होतं.

गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांनी बेबी आयुष्यात पहिल्यांदा पायरीवरून स्वतः उठली, दुकानातली एक घंटी उचलली आणि दिवसभर वाजवली. शेठजी वैतागून डॉक्टरांकडे आले, "पोट्टीनं डोकं खाल्लं माहं." डॉक्टर म्हणे खुर्चीत बसले होते ते उठून दुकानात गेले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग तीच घंटी मागून आणली आणि टेबलाला बसवली.

त्यानंतर मी घंटीबद्दल तक्रार केली नाही. डोकं मात्र दुखायचंच.

आता माझं सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी मला दिवस गेले. डॉक्टरांनी सातव्या महिन्यापासून धोशा लावला. "सिस्टरबाई, आठव्या दिवशी लेकरू घेऊन येजो. मले दाखवजो." पायाला टिचकी मारायची त्यांची पद्धत मला पाठ होती. तान्ह्या बाळाच्या तळव्याला एक टिचकी मारायची आणि मोजायचं. एक, दोन... चांगलं लेकरू दोन म्हणायच्या आत भोकाड पसरतं. मी शेकडो वेळा पाहिलं होतं, शेकडो आया डोळे वटारताना पाहिल्या होत्या. मला वाटायचं, माझ्या सासूसमोर यांनी माझ्या बाळाला टिचकी मारली तर काय तमाशा होईल.

माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी. सासूबाईंनी नाक मुरडलं नाही, उलट दोन-चार दिवसांत तिच्या प्रेमात पडल्या. कारण पोरगी रडतच नव्हती. "पोरीच्या जातीनं असंच राह्यलं पाह्यजे," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "लेकरू हाये का नाई घरात, समजत नाई." कावीळ जरा रेंगाळली. सासूबाई म्हणाल्या, उन्हात धरा. धरली.

बाराव्या दिवशी बारसं. खोलीत पंचवीस-तीस बाया, गाणी, टाळ्या, घुगऱ्यांची ताटं. नणंदेनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि बायांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती कळवळली, सगळ्या खोखो हसल्या. वैशाली नाव ठेवलं. एवढ्या गलबल्यात वैशाली झोपलेली. डोळा उघडला नाही. "काय गुनाचं लेकरू व माय!" एकीनं कानशिलावर बोटं मोडली. "तुह्यावानी नशीब कोनाचं हाये, रात्री निजू देते."

खरंच निजू देत होती. मी इतकी थकलेली होते, की तिला झोप लागली की मला लागायची, आणि ती मला बरी वाटायची. हे लिहिताना आजही लाज वाटते.

बाया गेल्यावर मी दार लोटलं. तिचा पाय हातात घेतला. थंड होता. टिचकी मारली. एक. दोन. तीन. चार. पाचाला तिचं तोंड वाकडं झालं आणि घशातून एक घोगरा, दमलेला आवाज निघाला, म्हाताऱ्या माणसासारखा. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि स्वतःला म्हटलं, तू बाळंतीण आहेस, तुझं मोजणं चुकलं. दुसऱ्यांदा मारली नाही. कोणाला सांगितलंही नाही.

डॉक्टरांचे तीन निरोप आले, लेकरू घेऊन ये. मी तिन्ही वेळा सांगून पाठवलं, बरी आहे. आधी सव्वा महिना व्हायचा होता. मग सासूबाई म्हणाल्या, वारं लागेल. मग मीच जायची टाळू लागले. ते घरी व्हिजिटला जात नसत, अख्ख्या देवळीला माहीत होतं. मला त्याचं तेव्हा बरंच वाटलं.

तीन महिन्यांनी रजा संपली. तिला बद्धकोष्ठ झालं होतं, म्हणून सोबत नेली. दवाखान्यात गर्दी होती, ओळखीच्या बाया होत्या. डॉक्टरांनी काखेतून हात काढले, तिला घेतलं, तिचं तोंड उघडून जीभ पाहिली. फुगलेली बेंबी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"रडते का?"

आणि माझ्या तोंडून आलं, "नाई जी, लय शांत हाये."

मीच बोलले ते. चार वर्षं ज्या वाक्याचं हसू केलं, ज्याच्यासाठी परक्या आयांना पाणी पाजलं, ते मी स्वतः, नर्सच्या पांढऱ्या साडीत उभी राहून बोलले. खोलीत कोणी हसलं नाही. डॉक्टर ओरडलेही नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "थकलो बुवा." तेव्हा एकदाच मला त्या शब्दांचा अर्थ कळला.

त्याच दिवशी दवाखाना बंद करून आम्ही एसटीनं वर्ध्याला गेलो. गुडघ्याचा एक्स-रे काढला. एवढ्या लेकराच्या गुडघ्यात हाडाचा जो ठिपका दिसायला पाहिजे, तो नव्हता. रक्त चहाच्या थर्मासात बर्फ घालून मुंबईला धाडलं. रिपोर्टाला तीन आठवडे लागणार होते. "रिपोर्टाची वाट पाह्यची नाई," डॉक्टर म्हणाले, "आधीच लय पाह्यली." त्यांनी स्वतः ब्लेडनं गोळीचा तुकडा पाडला, दोन चमच्यांमध्ये घोटला, माझ्या दुधात कालवला आणि तिच्या जिभेवर सोडला. वर्ध्याच्या बस स्टँडवर, सिमेंटच्या बाकावर बसून.

महिनाभरात वैशालीनं घर डोक्यावर घेतलं. भूक लागली की किंचाळायची, झोपेतून उठली की किंचाळायची, सासूबाईंच्या नाकातली चमकी ओढायची. मी देवाला हात जोडायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "चांगली गाय होती माय पोट्टी. तुह्या त्या डाक्टरनं बिघडवून टाकली. काऊन देतं व ते औषध?"

मी कामाला जायची, गोळी सकाळी उपाशीपोटी त्या द्यायच्या. दोनेक आठवडे गेले आणि घर पुन्हा शांत झालं. मला इतकी गाढ झोप लागायला लागली की मी दोन दिवस खुश होते. तिसऱ्या दिवशी तिचा पाय हाताला थंड लागला. डबी उघडली. गोळ्या होत्या तशा होत्या.

मी रडले, भांडले, नवऱ्याला मध्ये घातलं. सासूबाई ढिम्म. "तू शिकेल हायेस म्हनून काई बी खरं होत नाई. गुनाच्या लेकराले कोनी औषध देते?"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात सगळं सांगितलं, आणि संध्याकाळी डॉक्टर आमच्या दारात उभे. जे कधी कोणाच्या घरी गेले नाहीत, ते. सोबत बोटाला धरून बेबी. तेव्हा ती अकराची असेल. उंच झाली होती, दोन वेण्या, नवा फ्रॉक. डॉक्टर ओट्यावर बसले, पाणी प्याले.

"आजी, हे पोट्टी कशी वाटते?"

"छान हाये. कोनाची?" सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. "नाव काय व तुहं?"

बेबी हसली.

"कितवीत हायेस?"

बेबी हसली. मग सासूबाईंचं लक्ष खाली गेलं. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्यात.

डॉक्टर हळूच म्हणाले, "लय शांत होती, आजी. चार वर्सं शांत होती. मीच तिले गुनी म्हनलो. आता गोळी घेते, उंच झाली, निरोगी हाये. पन तिच्या चपला रोज सकाळी तिची माय घालून देते. आज घाईत म्या घातल्या, उलट्या झाल्या, तं तिले समजलं बी नाई." असं म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी पुढचं वाक्य आलं नाही.

सासूबाई गुडघे धरत खाली बसल्या, बेबीच्या पायातल्या चपला काढल्या आणि नीट घातल्या. एक पाय, मग दुसरा. तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गोळी त्यांनीच घोटली, त्या गेल्या तोपर्यंत, एक दिवस न चुकता.

मला त्या वेळी डॉक्टरांचा रागही आला होता. बेबीला असं दाखवायला आणणं मला बरं वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं, कारण पुढचे कितीतरी दिवस ते सायकलच्या दुकानात चहाला गेले नाहीत. पण माझी पोरगी त्यानं वाचली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी आता त्यांचा निकाल लावायच्या भानगडीत पडत नाही.

वैशाली उशिरा चालली, उशिरा बोलली, पण बोलली. शाळेत गेली. दुसरीला एकदा राहिली. पाढे सातच्या पुढे अडखळायचे. एखाद्या पोराचे अडखळतातच, मास्तर म्हणायचे. मी मान हलवायची आणि मनात तीन महिने मोजायची. ते तीन महिने नसते तर? हा प्रश्न मी डॉक्टरांना कधी विचारला नाही. ते नेमकं खरं उत्तर देतील, याची भीती होती.

ती नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. नजर गेली होती, भावाकडे नागपूरला जाणार होते. शेवटच्या दिवशी मी आवराआवरीला गेले, वैशाली सोबत. बाहेरच्या खोलीत सामान बांधलेलं, आतल्या खोलीत आम्ही दोघं. कपाटातल्या रिकाम्या बाटल्या पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं.

"डॉक्टरसाहेब, मला बारशाच्या दिवशीच कळलं होतं."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"म्या टिचकी मारली होती. पाच मोजले. मला समजलं होतं, अन् म्या गप राह्यली. तीन महिने."

नऊ वर्षं मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आता ते म्हणतील, तुझी चूक नाही सिस्टरबाई, असं वाटलं. आणि ते म्हणाले असते तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

त्यांनी हात काखेत घातले, डोळे मिटले.

"बेबी वर्षाची होती," ते म्हणाले. "शेठच्या पोत्यावर निजली होती. म्या गालाले हात लावला तं थंड. जीभ दिसली. मले तवाच समजलं. नवा दवाखाना होता, जागा त्याइचीच. वाटलं, बोललो अन् चुकलो तं? वाटलं, पुढच्या महिन्यात पाहू. मंग डोक्यावर हात फिरवला अन् म्हनलो, गुनी पोरगी हाये. तुहे तीन महिने. माहे तीन वर्सं."

म्हणजे घंटी, फ्रॉक, टिचकी, परक्या आयांवर ओरडणं, सगळं. मला वाटायचं, माणूस नाही कळलं म्हणून हळहळतोय. त्याला कळलं होतं.

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण जे मला स्वतःला म्हणता येत नव्हतं, ते त्यांना काय म्हणणार? मी फडकं पिळलं आणि पुढची बाटली घेतली.

तेवढ्यात बाहेर ट्रिंग ट्रिंग सुरू झालं. टेबल अजून नेलं नव्हतं, घंटी काढायची राहिली होती. वैशालीला ती सापडली होती. नऊ वर्षांची घोडी, पण वाजवते तर वाजवतेच आहे, थांबायचं नाव नाही. शेजारच्या पायरीवरून बेबीच्या हसण्याचा आवाज आला. माझं डोकं उठलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेलेच होते. तिला ‘बस कर’ म्हणायला आम्हा दोघांपैकी कोणीही उठलं नाही.